रिंगा, पॅकिंग आणि जुने इंजिन : वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेली बरीचशी पत्रे एकाच कामाविषयी आहेत : जुन्या मोटारसायकलीचे इंजिन खोलून पुन्हा बांधताना पिस्टनच्या रिंगा आणि सांधे बंद करणारे पॅकिंग (गॅस्केट) कसे बसवावे. पत्रांतल्या गाड्याही मुख्यतः दोनच आहेत, एक बिडाच्या ब्लॉकची (सिलिंडरची) जुनी बुलेट 350 आणि दुसरी म्हैसूरच्या कारखान्यात 1961 ते 1996 या काळात तयार झालेली जावा-येझदी. पहिली फोर-स्ट्रोक, दुसरी टू-स्ट्रोक, त्यामुळे काही बाबतीत दोन्हींचे नियम वेगळे आहेत. ते जिथे वेगळे आहेत तिथे तसे स्पष्ट लिहिले आहे.

प्रश्न : माझ्या वडिलांची बुलेट 350 निळा धूर सोडत होती आणि ऑइलही खात होती. गॅरेजमध्ये ब्लॉक तसाच ठेवून फक्त नव्या रिंगा टाकून दिल्या. पाचशे किलोमीटर झाले तरी धूर कमी झालेला नाही आणि किक मारताना पूर्वीइतकेही कॉम्प्रेशन जाणवत नाही. रिंगा निकृष्ट निघाल्या असाव्यात का? आता मी स्वतः इंजिन खोलणार आहे, तर रिंगेची गॅप किती ठेवावी? (एक वाचक, सांगली)

उत्तर : रिंगांना दोष देण्याआधी ब्लॉक मोजा. सिलिंडर वरपासून खालपर्यंत सारखा झिजत नाही. वरची रिंग जिथे क्षणभर थांबून परत फिरते तिथे ऑइलचा थर सर्वांत पातळ असतो आणि उष्णता सर्वांत जास्त असते, त्यामुळे झीजही तिथेच सर्वाधिक होते. त्याच्या वरच्या काही मिलिमीटरच्या पट्ट्यात रिंग पोहोचतच नाही, म्हणून तो भाग मूळ मापाचा राहतो आणि दोहोंच्या सीमेवर एक कंगोरा तयार होतो. हेड काढल्यावर अंगठ्याचे नख ब्लॉकच्या आतून खालून वर सरकवून पाहा. नख जिथे अडखळते तिथे तो कंगोरा आहे. जुन्या रिंगेची वरची कड वर्षानुवर्षे घासून गोलसर झालेली असते, पण नव्या रिंगेची कड धारदार असल्यामुळे ती या कंगोऱ्यावर आपटते आणि पुष्कळदा तुटते. ती तुटली नाही तरी खाली निमुळता होत गेलेल्या, लंबगोल झालेल्या बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या पोकळीत, पूर्ण गोल रिंग काही ठिकाणीच टेकते आणि उरलेल्या फटींतून वायू खाली जातो, ऑइल वर येते. आपल्या गाडीचे हेच झाले असावे असा माझा अंदाज आहे.

आता गॅपविषयी. बुलेट 350 चा बोअर (आतला व्यास) 70 मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) 90 मिमी आहे, म्हणजे क्षमता 346 सीसी भरते. अशा बोअरमध्ये बसलेल्या रिंगेचा परीघ सुमारे 220 मिमी होतो. इंजिन तापले की रिंग ब्लॉकपेक्षा जास्त तापते, लांब होते, आणि तिला पसरायला जागा म्हणजे तिच्या दोन टोकांमधली ही गॅपच असते. जुन्या कारागिरांचा हिशेब असा की बोअरच्या प्रत्येक इंचामागे चार थाऊ, म्हणजे इंचाचे चार हजारांश, गॅप ठेवावी. 70 मिमी म्हणजे पावणेतीन इंच, तेव्हा हिशेबाने अकरा थाऊ अर्थात 0.28 मिमी होतात. हवेने थंड होणाऱ्या आणि उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या वर चालणाऱ्या गाडीसाठी मी 0.30 ते 0.40 मिमीच्या दरम्यान ठेवतो. मात्र रिंगेच्या पाकिटावर निर्मात्याने आकडा छापला असेल तर तोच पाळावा. गॅप थोडी जास्त झाली तर किंचित वायू सुटतो, इतकेच. ती कमी पडली तर तापलेल्या रिंगेची टोके एकमेकांवर टेकतात, रिंग भिंतीत रुतते आणि ब्लॉकला उभे ओरखडे पडतात किंवा रिंग तुटते. चूक व्हायचीच असेल तर ती जास्तीच्या बाजूला झालेली बरी.

मोजण्याची पद्धत अशी. रिंग पिस्टनवर न चढवता एकटीच ब्लॉकमध्ये घाला आणि उलट्या धरलेल्या पिस्टनच्या माथ्याने हलकेच आत ढकला, म्हणजे ती आडवी, समपातळीत बसेल. मग टोकांमध्ये फीलर गेजचे (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांच्या संचाचे) पान घालून पाहा. पान किंचित घासत सरकले पाहिजे, सैल पडता कामा नये. हे माप एकदा ब्लॉकच्या तळाशी, जिथे झीज जवळजवळ नसते, आणि एकदा कंगोऱ्याच्या खाली सेंटीमीटरभर अंतरावर घ्या. बोअर जेवढा वाढतो त्याच्या 3.14 पट गॅप वाढते, कारण परीघ आणि व्यास यांचे नातेच तसे आहे. समजा तळाशी 0.35 मिमी आणि वर 1.05 मिमी गॅप मिळाली. फरक 0.70 मिमी. त्याला 3.14 ने भागले की 0.22 मिमी, एवढा तो बोअर वरच्या बाजूला झिजला आहे. अशा रीतीने फीलर गेज आणि एक नवी रिंग एवढ्या साहित्यात घरच्या घरी ब्लॉकची झीज कळते. बोअर लंबगोल झाला आहे का, हे मात्र या पद्धतीने समजत नाही. त्यासाठी बोअरिंगवाल्याकडे डायल गेजनेच माप घ्यावे लागते. झीज 0.15 मिमीच्या पुढे गेली असेल तर माझ्या मते नुसत्या रिंगा टाकणे हा पैशाचा आणि श्रमाचा अपव्यय आहे. ब्लॉक पुढच्या साईजला बोअर करून घ्यावा.

बोअरिंगला जाण्याआधी पिस्टन विकत घ्या. ओव्हरसाईज पिस्टन साधारण 0.25 मिमीच्या किंवा दहा थाऊंच्या टप्प्याने मिळतात, पण प्रत्यक्ष पिस्टनचे माप डब्यावरील आकड्याशी तंतोतंत जुळेलच असे नाही. ॲल्युमिनिअमचा पिस्टन तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतो, म्हणून पिस्टन आणि ब्लॉक यांच्यातील मोकळीक फार काटेकोर असावी लागते. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातला किंवा आपल्या सांगलीतला कोणताही जाणता बोअरिंगवाला पिस्टन हातात घेऊन, मायक्रोमीटरने मोजून मगच ब्लॉक मशीनवर चढवतो. पिस्टन न मागता बोअर करून देतो म्हणणाऱ्याकडे ब्लॉक ठेवू नये.

नवी रिंग नव्या बोअरमध्ये फारच घट्ट असेल तर ती कानशीने घासावी लागते. बारीक दात्यांची सपाट कानस शिकंज्यात उभी पकडा आणि रिंगेचे एकच टोक तिच्यावर फिरवा. फटका नेहमी बाहेरच्या कडेकडून आत द्यावा, नाहीतर क्रोम चढवलेल्या रिंगेवरचा थर टोकाशी उडतो. दोन-तीन फटक्यांनंतर पुन्हा ब्लॉकमध्ये घालून मोजा. शेवटी टोकांना आलेले कुसळ बारीक ऑइलस्टोनने काढून टाका.

एक गोष्ट आणखी तपासा. धूर इंजिनावर भार असताना निघतो, की उतारावर थ्रॉटल बंद ठेवून आल्यानंतर पुन्हा थ्रॉटल दिला की निघतो? खंबाटकी घाट उतरून खाली आल्यावर पहिल्या झटक्याला निळा लोट येत असेल, तर व्हॉल्व्हची गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी) झिजलेली असण्याची शक्यता मोठी. तसेच महिनाभर उभ्या असलेल्या बुलेटमध्ये टाकीतले ऑइल हळूहळू क्रँककेसमध्ये झिरपते आणि सुरू केल्यावर काही मिनिटे धूर येतो. या दोन्ही दोषांना रिंगा कितीही बदलल्या तरी गुण येणार नाही.

प्रश्न : ब्लॉक बोअर करून, होनिंग (दगडाने आतल्या भिंतीवर बारीक तिरपे ओरखडे) करून आणला आहे. पिस्टन नवा आहे. रिंगा चढवताना एक तुटली, म्हणून काम थांबवून पत्र लिहीत आहे. रिंगा कोणत्या क्रमाने, कोणत्या बाजूने चढवाव्यात आणि पिस्टन ब्लॉकमध्ये घालताना कोणती काळजी घ्यावी? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : काम थांबवलेत हे उत्तम केलेत, कारण रिंगा चढवण्याआधीचे एक काम पुष्कळांकडून राहून जाते. ते म्हणजे ब्लॉक धुणे. होनिंगच्या दगडाचे अतिसूक्ष्म कण बिडाच्या रंध्रांत आणि तिरप्या ओरखड्यांच्या तळाशी अडकून राहतात. रॉकेल किंवा पेट्रोल यांनी वरचे ऑइल जाते, कण मात्र तिथेच राहतात. मी अगदी पहिले इंजिन बांधले तेव्हा ब्लॉक रॉकेलने दोनदा धुतला होता आणि तो चकचकीत दिसत होता. तीनशे किलोमीटरमध्ये त्या इंजिनाने पुन्हा धूर सोडला, आणि खोलल्यावर नव्या कोऱ्या रिंगा वर्षभर वापरल्यासारख्या घासलेल्या निघाल्या. तेव्हापासून मी ब्लॉक कढत पाण्याने आणि कपड्याच्या साबणाने, ताठ ब्रशने घासून धुतो. धुतल्यावर जुन्या पांढऱ्या धोतराचा तुकडा पातळ ऑइलमध्ये बुडवून बोअरच्या भिंतीवर दाबून फिरवतो. पहिल्या खेपेला तो करडा होतो. मग पुन्हा साबण, पुन्हा पाणी. चौथ्या-पाचव्या खेपेला तुकडा पांढराच राहतो, आणि तेव्हाच ब्लॉक स्वच्छ झाला असे मी मानतो. धुतल्यानंतर लगेच पुसून, वाळवून ऑइलचा हात द्यावा, कारण उघडे बीड पावसाळी हवेत चहा होईपर्यंत तांबूस होते.

आता क्रम. बुलेटच्या पिस्टनवर वर दोन कॉम्प्रेशन रिंगा आणि त्यांच्या खाली छिद्रांची ऑइल रिंग असते. आधी सर्वांत खालची चढवावी, मग मधली, शेवटी वरची. रिंग बीडच असल्याने ती वाकत नाही, मोडते. तिला एका टोकाकडून मळसूत्रासारखी फिरवत चढवण्याचा मोह टाळा, कारण न मोडताही ती कायमची पिळलेली राहते. जुन्या फीलर गेजची किंवा पातळ पत्र्याची तीन पाने पिस्टनभोवती उभी लावून त्यांच्यावरून रिंग खाली सरकवली, तर ती वरच्या खाचांत अडकत नाही आणि फार ताणावीही लागत नाही. ही पानांची युक्ती महागड्या चिमट्याइतकीच चांगली आहे.

रिंगेच्या एका सपाट बाजूवर ‘टॉप’ किंवा एखादे अक्षर कोरलेले असेल तर ती बाजू वर, पिस्टनच्या माथ्याकडे. दुसऱ्या रिंगेचा चेहरा, म्हणजे भिंतीला टेकणारी बाजू, बहुधा किंचित निमुळता असतो. ती उलटी बसली तर ऑइल खाली खरवडण्याऐवजी वर ढकलते. खूण सापडत नसेल तर भिंग घेऊन पाहा, कारण ही खूण कधी कधी केसाइतकी बारीक असते. रिंग खाचेत बसल्यावर बोटाने फिरवून पाहा. ती आपल्या वजनाने सुळकन फिरली पाहिजे, आणि रिंग व खाचेची भिंत यांमधली उभी मोकळीक साधारण 0.03 ते 0.08 मिमी असावी. जुनाच पिस्टन वापरणाऱ्यांनी खाचेतला काजळीचा थर तुटलेल्या रिंगेच्या तुकड्याने काढावा, आणि आपली तुटलेली रिंग त्यासाठी जपून ठेवावी. मात्र खाचेचे ॲल्युमिनिअम खरवडले जाता कामा नये.

तिन्ही रिंगांच्या गॅप एकाखाली एक येऊ देऊ नका, एकशेवीस अंशांच्या अंतराने फिरवून ठेवा. बुलेटमध्ये स्फोटाच्या वेळी पिस्टन ब्लॉकच्या मागच्या भिंतीवर रेटला जातो, म्हणून वरच्या रिंगेची गॅप नेमकी मागे ठेवू नये. इंजिन चालू झाल्यावर फोर-स्ट्रोकच्या रिंगा खाचेत हळूहळू फिरतातच, तरी पहिल्या काही किकांना या मांडणीचा निश्चित उपयोग होतो.

पिस्टन कनेक्टिंग रॉडवर बसवताना क्रँककेसचे तोंड स्वच्छ फडक्याने पूर्ण झाका. त्यात सर्क्लिप (पिस्टनची पिन जागेवर धरणारी कडी) पडली तर अख्खे इंजिन पुन्हा खोलावे लागते. गजन पिन (पिस्टन आणि रॉड जोडणारी पिन) घट्ट असेल तर हातोडी उचलू नका. पिस्टनभोवती कढत पाण्यात पिळलेले फडके दोन मिनिटे गुंडाळले की पिन अंगठ्याच्या दाबाने जाते. हातोडीने रॉड वाकतो, आणि वाकलेला रॉड नव्या रिंगा एका बाजूने खातो. सर्क्लिप नेहमी नव्याच वापराव्यात आणि त्यांचे उघडे तोंड वर किंवा खाली ठेवावे. ती खाचेत ‘टक्’ आवाजाने बसल्यावर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने सर्व बाजूंनी दाबून खात्री करावी.

ब्लॉक उतरवताना पिस्टनच्या तळाखाली, क्रँककेसच्या तोंडावर दोन लाकडी पट्ट्या आडव्या ठेवा, म्हणजे पिस्टन डगमगणार नाही. रिंगा, पिस्टन आणि भिंत यांना इंजिन ऑइलचा हात द्या. ब्लॉकच्या खालच्या तोंडाला उतार दिलेला असतो, त्यामुळे एकाने ब्लॉक धरला आणि दुसऱ्याने दोन्ही हातांच्या बोटांनी रिंग मिटली, की ती आत जाते. हाताला जमत नसेल तर पत्र्याच्या डब्याची पट्टी कापून, तिच्या कडा घासून, वर होज क्लिप आवळावी. ब्लॉक अडला तर लगेच थांबा आणि वर उचला. तो फक्त रिंगेवरच अडलेला असतो, आणि वरून ठोकले की रिंग मोडते.

प्रश्न : माझी येझदी नवा पिस्टन, नव्या रिंगा टाकून बांधली. दुसऱ्याच दिवशी हातखंबा चढताना इंजिन सीझ झाले. खोलल्यावर ब्लॉकखाली कागदी पॅकिंग एकावर एक दोन बसवलेली दिसली. ‘जुन्या गाडीला जाड पॅकिंग लागते’ असे मला सांगण्यात आले होते. ते खरे आहे का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : ते खरे नाही, आणि टू-स्ट्रोकमध्ये तर ते विशेष घातक आहे. येझदीचा बोअर 65 मिमी, स्ट्रोक 75 मिमी. या इंजिनात व्हॉल्व्ह नसतात, पिस्टनच स्वतः वर-खाली जाताना ब्लॉकमधील पोर्ट, म्हणजे वायू आत-बाहेर जाण्याची भोके, उघडतो आणि मिटतो. ब्लॉकखाली अर्ध्या मिलिमीटरचे जादा पॅकिंग घातले की सगळे पोर्ट अर्ध्या मिलिमीटरने वर सरकतात, एक्झॉस्ट लवकर उघडतो, उशिरा मिटतो, आणि हेडमधील जागा वाढून कॉम्प्रेशनही घटते. गाडी खालच्या वेगात मरगळते. पॅकिंग मूळ जाडीचे, एकच असावे. जुने पॅकिंग निघाले असेल तर मायक्रोमीटरने त्याची दबलेली जाडी मोजून तेवढाच कागद आणावा.

सीझ होण्याचे कारण मात्र बहुधा वेगळे, आणि तेही या पॅकिंगशीच निगडित असावे. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस ही पंपासारखी काम करते. पिस्टन वर जाताना तिच्यात निर्वात तयार होतो आणि कार्बुरेटरमधून पेट्रोल-ऑइलचे मिश्रण आत ओढले जाते. दोन कागदांमधल्या फटीतून जर हवा शिरत असेल तर त्या मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी होते. त्याबरोबर ऑइलही कमी होते, कारण ते पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. चढावर, पूर्ण भाराखाली, पिस्टन तापतो आणि पकडतो. फोर-स्ट्रोकच्या तळाचे पॅकिंग गळले तर जमिनीवर ऑइलचा थेंब दिसतो. टू-स्ट्रोकचे गळले तर बाहेर फारसे काही दिसत नाही, म्हणून ते अधिक फसवे. थ्रॉटल सोडल्यावरही इंजिनाचा वेग झटकन न उतरणे आणि प्लगचे टोक पांढुरके दिसणे ही त्याची लक्षणे आहेत.

इंजिन पुन्हा बांधल्यावर सुरू करण्याआधी दाबाची चाचणी घ्या. एक्झॉस्टचे आणि कार्बुरेटरचे तोंड जाड रबर व पत्र्याची पट्टी लावून बंद करा, प्लगच्या भोकात नळीचा जोड बसवा, पिस्टन तळाशी आणा आणि दाबमापी जोडलेल्या सायकलच्या पंपाने पाच-सहा पीएसआय एवढाच दाब भरा. त्याहून जास्त भरू नका, ऑइल सील जागा सोडतात. मग तळाचे पॅकिंग, हेडचा सांधा, क्रँककेसचा जोड यांवर साबणाचे पाणी ब्रशने लावा. बुडबुडे जिथे येतील तिथे गळती आहे. कुठेच बुडबुडे नाहीत आणि तरी काटा उतरत असेल, तर क्रँकच्या दोन्ही बाजूंचे ऑइल सील पाहा.

रिंगांबाबत टू-स्ट्रोकचा नियम उलट आहे. इथे रिंग फिरता कामा नये, कारण तिचे टोक एखाद्या पोर्टसमोर आले तर ते बाहेर उसळून पोर्टच्या कडेत अडकते. म्हणून खाचेत एक बारीक पिन ठोकलेली असते आणि रिंगेच्या टोकांना त्या पिनेपुरती खोबण असते. गॅप वाढवायची झाल्यास टोक घासावे, खोबण नव्हे. ब्लॉक चढवताना प्रत्येक रिंग पिनेवर बरोबर आली आहे, हे नखाने चाचपून पाहा. माथ्यावरचा बाण एक्झॉस्टकडे, म्हणजे येझदीत पुढे, ठेवा. पिस्टन उलटा बसला की पिना नेमक्या नको त्या ठिकाणी येतात. बोअरिंगनंतर पोर्टच्या कडा धारदार राहतात, त्यांना हलका उतार देऊन घ्यायला हवा. तो दिला आहे का हे पाहण्यासाठी कापसाचा बोळा पोर्टवरून फिरवा. तंतू अडकून राहिले तर ती कड अजून रिंग पकडेल एवढी तीक्ष्ण आहे.

प्रश्न : बुलेटच्या हेडच्या सांध्यातून, उजव्या बाजूने ऑइल पाझरते. दोनदा पॅकिंग बदलले, दुसऱ्यांदा भरपूर सिलिकॉनही लावले. तांब्याचे पॅकिंग घालावे का, आणि ते पुन्हा वापरता येते का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : बुलेटच्या पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या, ब्लॉकमधल्याच बोगद्यातून उजव्या बाजूने वर जातात, आणि हेडमध्ये गेलेले ऑइल त्याच वाटेने खाली परतते. म्हणजे हेडच्या एकाच पॅकिंगला दोन कामे आहेत, बोअरभोवती जळत्या वायूचा दाब अडवणे आणि बोगद्याभोवती ऑइल अडवणे. उजव्या बाजूचा पाझर बहुधा या दुसऱ्या ठिकाणचा असतो. नाना पेठेतून कितीही चांगले पॅकिंग आणले तरी हेडचा किंवा ब्लॉकचा पृष्ठभाग वाकडा असेल तर ते गळणारच. पोलादी पट्टी उभी धरून तिच्याखाली 0.05 मिमीचे फीलरचे पान जाते का ते आडवे, उभे आणि तिरपे पाहा. थोडा वाकडेपणा घरीच काढता येतो. जाड सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर चिकटवून, रॉकेलचे थेंब टाकून, हेड इंग्रजी आठच्या आकारात फिरवायचे. उंच भाग आधी चमकतात, खोल भाग काळसर राहतात, आणि सगळीकडे एकसारखा राखाडी रंग आला की थांबायचे. नंतर हेड साबणाने धुवायला विसरू नका.

सिलिकॉनविषयी माझे मत ठाम आहे : इंजिनाच्या आत त्याला जागा नाही. दाबले गेलेले सिलिकॉन जेवढे बाहेर येते तेवढेच आतही जाते. त्याचे दोरे तुटून ऑइलच्या वाटेत किंवा जाळीत अडकतात आणि मग रॉकरपर्यंत ऑइल पोहोचत नाही. पेट्रोलच्या संपर्कात तर साधे सिलिकॉन फुगते, म्हणून कार्बुरेटरच्या सांध्यावर ते कधीच लावू नये. कागदी पॅकिंगला ग्रीसचा किंवा न सुकणाऱ्या जॉइंटिंगचा बोटाने पुसलेला थर पुरतो.

तांब्याचे पॅकिंग चांगले, आणि ते पुन्हा वापरताही येते, पण एकदा दबल्यावर तांबे कडक होते. ते ज्योतीवर मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवावे. पोलादासारखे तांबे पाण्यात बुडवल्याने कडक होत नाही, ते मऊच राहते आणि वरची काळी पापुद्रीही सुटते. मग काचेवर सपाट करून बसवावे. पत्रा आणि तंतूंचे थर असलेले पॅकिंग मात्र एकदा दबले की संपले.

नट आवळताना समोरासमोरचे, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळावेत, आणि त्याआधी स्टडचे आटे साफ करून ऑइलचा थेंब द्यावा. सुके, गंजलेले आटे पान्याला खोटे माप दाखवतात. पहिल्यांदा इंजिन पूर्ण तापवून, रात्रभर थंड होऊ देऊन नट पुन्हा तपासा. पॅकिंग बसल्यावर ते हमखास थोडे फिरतात. त्यानंतर टॅपेट (व्हॉल्व्हची मोकळीक) पुन्हा लावावे लागतात, कारण पॅकिंग दबल्याने हेड खाली येते. बुलेटमध्ये थंड इंजिनावर पुशरॉड दोन बोटांत सहज फिरली पाहिजे आणि वर-खाली अजिबात हलता कामा नये.

प्रश्न : जुने पॅकिंग ब्लॉकला घट्ट चिकटले आहे. ड्रिलला तारेचा ब्रश लावून काढू का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : काढू नका. जुन्या काळच्या हेडच्या आणि सायलेन्सरच्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस सर्रास असे, आणि त्याची धूळ फुफ्फुसात गेली की कायमचा अपाय करते. पॅकिंग पाण्याने किंवा ऑइलने भिजवून, रात्रभर ठेवून, पितळी किंवा लाकडी पट्टीने ओलेच खरवडा आणि निघालेले तुकडे ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत बंद करा. ॲल्युमिनिअमवर पोलादी छिन्नी चालवली तर पडलेला एक चराही नवे पॅकिंग गळायला पुरतो.

प्रश्न : नव्याने बांधलेली बुलेट पहिले पाचशे किलोमीटर अगदी हळू, चाळीसच्या आत चालवावी असे सगळे सांगतात. बरोबर आहे का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : अर्धेच बरोबर आहे. रिंग स्वतःच्या ताणाने भिंतीवर अगदी थोडा दाब देते. खरा दाब येतो तो स्फोटाच्या वायूचा, जो रिंगेच्या मागच्या जागेत शिरून तिला बाहेर रेटतो. इंजिन केवळ रेंगाळत चालवले तर हा दाबच मिळत नाही, होनिंगच्या ओरखड्यांत ऑइल जळून काचेसारखा थर बसतो आणि मग रिंगा कधीच बसत नाहीत. म्हणून सुरू करून उभ्या उभ्या अर्धा तास तापवत ठेवू नये. एकाच वेगात लांबचा प्रवास, डबलसीट, पूर्ण थ्रॉटल आणि खालच्या गिअरमध्ये इंजिन गुदमरवणे हे सगळे टाळावे, पण मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये अर्ध्या थ्रॉटलपर्यंत थोडा वेळ जोर द्यावा, मग सोडावा, पुन्हा द्यावा. थ्रॉटल सोडल्यावर निर्वातामुळे भिंतीवर ऑइल येते आणि पिस्टन निवतो. या काळात साधे मिनरल ऑइल वापरावे.

पहिले ऑइल शंभर-दीडशे किलोमीटरनंतर गरम असतानाच काढा आणि पांढऱ्या एनॅमलच्या भांड्यात उन्हात धरून पाहा. त्यात धुरकट, रुपेरी झाक दिसेल. ती रिंगा आणि भिंत एकमेकांना घासून बसत असल्याची आहे, आणि दुसऱ्या बदलाच्या वेळी ती बरीच कमी झालेली असते. भांड्याच्या तळाशी बोटाला टोचणारे कण किंवा सिलिकॉनचे दोरे सापडले, तर मात्र नवे ऑइल भरू नका. आधी हेड उतरवा.